जुन्या यांत्रिक नौकेचा जीर्णोद्धार
(इगतपुरी येथे ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दिलेले व्याख्यान)



समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, थळघाटाच्या माथ्यावर बसून नौकेविषयी व्याख्यान ऐकावयाचे, हा प्रकार आपल्यापैकी काहींना विनोदी वाटेल. रेल्वेच्या इंजिनाविषयी बोललो असतो तर इथल्या प्रत्येक घराने मला दोन गोष्टी अधिक सांगितल्या असत्या. परंतु विषय मी निवडलेला नाही. आपल्या ज्ञातीतील दोन कुटुंबांनी मिळून मुंबई बंदराकडील एक जुनी लाकडी मोटार-लाँच विकत घ्यावी, ती दुरुस्त करावी आणि आपल्या तालुक्यातील एखाद्या जलाशयावर चालवावी, असा विचार चालविला आहे. दोन्ही घरांतील आयुष्याची शिल्लक त्यात जावयाची आहे. कार्यकारी मंडळाने मला सांगितले की, तुम्ही बंदरात काही वर्षे लाँचदुरुस्तीचे काम पाहिलेले आहे, तेव्हा उत्साहाचे पाणी न घालता व्यवहाराचे चार शब्द बोला. ते बोलण्याचा प्रयत्न करतो.

जुनी नौका विकत घेताना माणूस एकच आकडा विचारतो: दुरुस्तीस किती लागेल? वस्तुतः आकडे दोन आहेत. दुरुस्तीचा खर्च एकदा होतो. सांभाळाचा खर्च दरसाल होतो. पहिला आकडा कर्ज काढून, दागिना मोडून कसाबसा भागविता येतो. दुसरा मात्र संसाराच्या चालू मिळकतीतून निघाला पाहिजे. म्हणून नौका किती मोठी घ्यावी याचा निर्णय दुसऱ्या आकड्यावरून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील जमाखर्चाची वही ज्या माउलीच्या हाती असते, तिला विचारल्यावाचून लाँच पाहावयास जाऊही नये.

याची मोठी उदाहरणे आपल्या मुंबईतच आहेत. ‘विक्रांत’ ही आपल्या आरमाराची पहिली विमानवाहू नौका. ती १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली आणि पुढे संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास खुली राहिली. तिच्याविषयी प्रेम कोणास नव्हते? तथापि एवढ्या प्रचंड लोखंडी देहाची वर्षानुवर्षे निगा कोणी राखावयाची, याचा निकाल लागला नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रेक्षकांना तिच्यावर जाणे बंद झाले. २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटी रुपयांस भंगार म्हणून विकली गेली, आणि माझगावच्या दारूखान्यात तिचे तुकडे झाले. याउलट ‘ट्रिंकोमाली’ हे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले लढाऊ गलबत आज इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. तेथे १९९० पासून दहा वर्षांहून अधिक काळ त्याची डागडुजी चालली आणि एक कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. मुंबईचे सागवान दोनशे वर्षांनंतर जिवंत आहे याचा मला अभिमान आहे. परंतु आपल्या दोन कुटुंबांपाशी एक कोटी पौंड नाहीत, हेही मला माहीत आहे. ट्रिंकोमालीचा मार्ग आपला नव्हे आणि विक्रांतची गत आपल्याला नको. आपल्याला मध्ये कोठेतरी उभे राहावयाचे आहे. ती जागा माझ्या अंदाजाने २० ते २५ फुटांच्या, हळू चालणाऱ्या, डिझेल यंत्राच्या लाँचची आहे. तीस फुटांच्या वर जाण्याचा मोह टाळावा. लांबी दीडपट झाली की लाकूड, रंग, बांधणीची मजुरी ही दीडपट होत नाहीत. नौका रुंदीने आणि खोलीनेही वाढते, तेव्हा काम दुपटीहून अधिक होते.

आता पाहणीविषयी. जुनी लाँच पाहावयास जाताना खिशात पैसे नेऊ नयेत. एक लहान हातोडी, एक टोचणी, एक विजेरी आणि जुने कपडे न्यावेत. विक्रेता नवा रंग दाखवील, पितळेची घासलेली कडी दाखवील, यंत्र सुरू करून धूर दाखवील. आपण तिकडे पाहू नये. तळाच्या फळ्या उचलून आत उतरावे. हातोडीने हळूच ठोकत जावे. निरोगी सागवान खणखणीत बोलते, कुजलेले लाकूड भिजलेल्या गोणीसारखा आवाज देते. जेथे आवाज बदलला तेथे टोचणी लावावी. नाळेच्या तळाशी, मागील आडव्या फळीच्या कोपऱ्यात, कण्यास लागून असलेल्या पहिल्या फळीत, आणि वरच्या तक्तपोशीच्या कडेखाली जेथे पाणी झिरपते तेथे, अशा चार ठिकाणी विशेष पाहावे. यंत्राखालील लाकूड बहुधा तेलाने मुरलेले असते आणि घाण दिसले तरी टणक निघते. एखादी बरगडी मोडलेली असली तर घाबरावयाचे कारण नाही. ओळीने चारपाच बरगड्या एकाच रेषेत मोडलेल्या असल्या तर समजावे की नौकेस कधी तरी जबर मार बसला आहे, आणि नमस्कार करून परत यावे. कण्यात बाक आला असेल तर फुकट दिली तरी घेऊ नये.

खिळेही पाहावेत. सागवानात एक गुण आहे जो विलायती ओकात नाही. ओकाच्या अंगच्या आम्लाने लोखंडी खिळा खाल्ला जातो. सागाच्या तेलाने तो बराच काळ टिकतो. मुंबईच्या गलबतांची कीर्ती झाली त्यात या गुणाचा वाटा मोठा आहे. तरीही पाचदहा खिळे उपटून पाहिल्यावाचून सौदा करू नये. खिळ्याची मान बारीक झाली असेल तर सर्व नौका नव्याने ठोकावी लागते, आणि ते काम फळी बदलण्यापेक्षा कष्टाचे असते.

आता आपल्या गावाशी निगडित असलेली आणि मुंबईचा विक्रेता कधीही न सांगणारी गोष्ट. लाकडी नौकेचा खरा वैरी समुद्र नव्हे. पावसाचे गोडे पाणी होय. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो हे खरे, परंतु मिठाने लाकूड कुजण्याचे थांबते. कोकणात कोळी आणि खारवी बांधव पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, तळास तेल पाजतात, फटी नव्याने भरतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घालतात. ते ऊनपावसापासून होडीचा वरचा भाग वाचवितात, कारण कूज बहुतेक वरून उतरते. आता इगतपुरीचा विचार करा. येथे वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बंदरात तीस वर्षे खारावलेली लाँच मालमोटारीतून घाट चढवून आणली आणि ताडपत्री टाकून अंगणात एक पावसाळा ठेवली, तर तीस वर्षांत झाले नाही एवढे नुकसान चार महिन्यांत होईल. ताडपत्री अंगास चिकटवून बांधली तर आणखीच वाईट; आत वाफ कोंडते, हवा खेळत नाही आणि बुरशीस माहेर मिळते. म्हणून पहिला खर्च नौकेवर नव्हे, तिच्या निवाऱ्यावर करावा: चांगल्या उतारावर पत्र्याची उंच शेड, दोन्ही बाजूंनी वारा खेळता. ही शेड हौस नाही. पुढे दरवर्षी चार महिने नौका तिच्यातच राहावयाची आहे.

उन्हाळ्याची कथा याच्या उलट आहे. पाण्यातून काढलेल्या नौकेच्या फळ्या मार्च-एप्रिलच्या वाऱ्याने आक्रसतात आणि फळीफळीतून उजेड दिसू लागतो. नवशिका माणूस घाबरून त्या फटींत कापूस गच्च ठोकतो, वर राळ आणि तेलाचा लेप देतो, आणि नौका पाण्यात सोडतो. पाण्यात फळ्या फुगतात, कापसास जागा उरत नाही, आणि त्या रेट्याने खिळे सुटतात वा बरगड्या मोडतात. सुकलेल्या नौकेस घट्ट भरू नये. काम चालू असताना अंगावर ओली पोती टाकीत जावे. आणि पाण्यात सोडण्यापूर्वी काही दिवस आत हातभर पाणी भरून ठेवावे, म्हणजे फळ्या आपोआप जुळतात. कापूस हलक्या हाताने, जेथे फट उरली तेथेच. हे हातास कळते; पुस्तकात वाचून येत नाही. फटी भरणाऱ्या कारागिरास उरण-करंजाकडून चार दिवस बोलावून आणण्याची मजुरी द्यावी लागली तरी ती द्यावी, आणि आपल्या घरच्या दोन मुलांना त्याच्याशेजारी बसवावे.

लाकूडकामाचा क्रम असा असावा. नौका प्रथम अनेक ठिकाणी टेकू देऊन, कणा सरळ ठेवून बसवावी. नंतर सर्वच फळ्या एकदम उपटण्याचा उत्साह आवरावा. फळ्या काढल्या की नौका आपला आकार विसरते, आणि तो पुन्हा आणणे म्हणजे नवी नौका बांधणे होय. एक फळी काढावी, तिच्या मापाने नवी बसवावी, मग दुसऱ्या बाजूची एक घ्यावी. अर्धी फळी चांगली असेल तर अर्धीच बदलावी. जोड मात्र लांब उताराचा असावा, फळीच्या जाडीच्या आठ ते बारा पट. जुन्या चांगल्या सागवानाची बरोबरी बाजारातील नवे लाकूड सहसा करीत नाही. आपल्याकडे जुने वाडे उतरविले जातात. त्यांच्या तुळयांत पन्नास-शंभर वर्षे मुरलेला साग असतो. त्यातील खिळे काळजीपूर्वक काढून घेतले तर तो फळ्यांस उत्तम आणि स्वस्तही पडतो. पितळी सामान, जाळीच्या खिडक्या, दोर बांधावयाचे खुंट वगैरे माल दारूखान्याच्या परिसरात मोडलेल्या जहाजांतून मिळत आलेला आहे. तेथे घासाघीस करावयास संकोच करू नये.

हल्ली एक सल्ला हटकून मिळतो: कशास एवढा खटाटोप, वरून फायबरचे कातडे चढवा, पंचवीस वर्षे पाहावयास नको! नव्या, कोरड्या लाकडावर हे काम चांगले होऊ शकते. परंतु जुन्या, फळीला फळी जोडून केलेल्या ओलसर नौकेवर ते म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे आहे. फळ्या आत हलतच राहतात, कातड्यास चिरा पडतात, पाणी मध्ये शिरते आणि बाहेर पडत नाही. बाहेरून चकचकीत नि आतून भुसा, अशा लाँच मी उघडताना पाहिल्या आहेत. अमेरिकेत महोगनीच्या जुन्या क्रिस-क्राफ्ट वेगनौकांचे शौकीन तळ नवा करताना फळ्यांमध्ये लवचीक रासायनिक लुकण भरतात. ती पद्धत चांगली आहे. परंतु ते संपूर्ण तळ नव्याने बांधतात, जुन्यावर पांघरूण घालीत नाहीत.

यंत्राकडे वळतो. येथे इगतपुरीकरांना समजावणे सोपे आहे. घाटात चढ ३७ स एक असा आहे, म्हणून कसाऱ्यास अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. आपल्या वडिलांच्या पिढीने ज्यांना ‘खेकडा’ म्हटले ती १९२८ नंतर आलेली विजेची मालगाडी-इंजिने याच चढासाठी होती. पाण्यावर चढ नसतो असे आपणास वाटेल. असतो. नौका चालू लागली की पुढे एक लाट उठते, मागे एक लाट उठते, आणि वेग वाढला की नौका आपणच उठविलेल्या लाटेच्या चढणीवर अडकते. हा घाट ती स्वतःच बांधते. कोठे अडकेल याचा ठोकताळा आहे: पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. येईल तो वेग सागरी मैलांत. पंचवीस फुटांस तो ताशी सुमारे पावणेसात मैल येतो. या वेगापर्यंत अशा लाँचला पंधरा-वीस अश्वशक्तीचे यंत्र पुरते. त्यापुढे शंभर अश्वशक्तीचे मालमोटारीचे यंत्र बसविले तर वेग मैल-दोन मैल वाढतो, डिझेल मात्र कितीतरी पट जळते, आणि जुना सांगाडा थरथरून खिळे ढिले होतात. सपाट तळाच्या, पाण्यावर घसरत जाणाऱ्या वेगनौकांचा न्याय वेगळा आहे; परंतु तो श्रीमंतांचा खेळ आहे, आणि माझ्यापुढे बसलेली मंडळी मला ओळखीची आहेत.

जुने मूळ यंत्र ठेवावे की बदलावे? ठोकळा तडकलेला नसेल तर ठेवावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लाइनर, बुश, पिस्टन करून देणारे कसबी हात आहेत. बदलावयाचेच असेल तर ज्याचे सुटे भाग नाशकात मिळतात असे किर्लोस्कर वा अशोक लेलँडच्या जातीचे देशी डिझेल यंत्र घ्यावे. परदेशी नावास भुलू नये. पेट्रोलचे यंत्र बंदिस्त नौकेत नको. त्याची वाफ हवेहून जड असते, तळात साचते आणि एका ठिणगीने अनर्थ होतो. विजेच्या मोटारीचा विचार मात्र मोकळ्या मनाने करावा. केरळात वैकम येथे २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौरशक्तीवरील प्रवासी नौका चालत आलेली आहे. शांत जलाशयावर हळू फिरावयास वीज सोयीची, आणि तेलाचा थेंबही पाण्यात पडत नाही. १८३३ मध्ये अर्देशीर कर्सेटजी वाडियांनी मुंबईस ‘इंडस’ या लहान नौकेवर वाफेचे यंत्र बसविले, तेव्हा तेही लोकांना नवलच वाटले असेल.

यंत्र बसविताना एक चूक सर्वत्र होते. नौका शेडमध्ये असतानाच यंत्र आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणून बोल्ट आवळतात. पाण्यात गेल्यावर नौकेचा आकार किंचित बदलतो आणि ती रेष बिघडते. मग धक्के बसतात, बेअरिंग खाल्ले जाते. अखेरची जुळणी नौका काही दिवस पाण्यात राहिल्यावरच करावी. जोडाच्या दोन तबकड्यांमधील फरक त्यांच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून अधिक नसावा; पाच इंचांच्या तबकडीस पाच हजारांश इंच. शाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथील ग्लँड आवळून कोरडी करण्याचाही हट्ट नको. नौका चालू असताना मिनिटास चारपाच थेंब गळू द्यावेत, त्यानेच ती थंड राहते.

आता पैशांची वाटणी. नौकेची किंमत आणि शेड वजा जाता हाती शंभर रुपये उरले असे धरू. त्यातील चाळीस लाकडास आणि खिळ्यांस, पंचवीस यंत्र व शाफ्टास, दहा नोंदणी, लाइफ जॅकेट आणि अग्निशामक साधनांस, पाच रंग-व्हार्निशास. उरलेले वीस शिवावयाचे नाहीत. फळी उघडल्यावर आत काय निघेल हे ब्रह्मदेवास ठाऊक, त्यासाठी ते आहेत. लोक नेमके उलट करतात. रंग आणि गाद्या प्रथम आणतात, कारण त्या पाहुण्यांस दाखविता येतात.

परवानगीचा भाग मी शेवटी घेत असलो तरी कामात तो सर्वांत आधी यावयास हवा. यांत्रिक नौकेची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली होते. जलाशय शासनाच्या जलसंपदा खात्याचे असतात. १९१६ चे दारणा धरण वेगळे, आणि मुंबईस पिण्याचे पाणी पुरविणारा ऊर्ध्व वैतरणा वेगळा. ज्या पाण्यात डिझेलचे यंत्र चालू देणार नाहीत तेथे नौका नेऊन उभी करण्यात शहाणपण नाही. लेखी परवानगी हाती आल्यावाचून विसार देऊ नये. नव्याने बसविलेल्या यंत्राची चाचणी रिकाम्या पाण्यात, इतर होड्यांपासून दूर, दोनच जाणत्या माणसांनी घ्यावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात यंत्राची चाचणी चाललेली आरमाराची एक वेगनौका ताबा सुटून ‘नीलकमल’ या घारापुरीस निघालेल्या प्रवासी लाँचवर आदळली आणि १५ माणसे प्राणास मुकली. ज्यांच्यापाशी सर्व साधने होती त्यांच्या हातून हे घडले. आपल्या नौकेवर जेवढी माणसे तेवढी जॅकेट, आणि ती पेटीत नव्हे, अंगावर.

या दोन कुटुंबांनी पाहिलेली लाँच २४ फुटांची, सागवानी आणि सध्या पाण्यातच आहे, एवढे मला कळले आहे. पाण्यात आहे ही चांगली खूण. दिवाळी झाल्यावर ती पाहावयास आम्ही जाणार आहोत. तळ चांगला निघाला आणि परवानगी मिळाली तर माघात ती घाट चढून येईल, तोवर शेड उभी असली पाहिजे. वैशाखाच्या अखेरीपर्यंत लाकूडकाम आटोपले तर पावसाळाभर ती शेडमध्ये राहून पुढच्या कार्तिकात पाण्यात जाईल. तळ वाईट निघाला तर त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत येऊ, आणि दोन्ही घरांची शिल्लक जशीच्या तशी राहील. ज्यांना बरोबर यावयाचे असेल त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. हातोडी मी आणीन. विजेरी ज्याची त्याने आणावी.